‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ची पुऱ्या लांबीची प्रत: नागपूरच्या प्रेक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या लहानशा चित्रपट मंडळाने हा सिनेमा दाखवायचं ठरवलं की फोन सुरू होतात. धरमपेठेतून, महालातून, आणि कामठीहून तर हमखास. प्रश्न तेच ते असतात, त्यामुळे एकदाची उत्तरं लिहून काढली. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवले आहेत, भाषाही त्यांचीच. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. हा तर जुनाच सिनेमा आहे न भाऊ, मंग यात नवीन काय?

नवीन काहीच नाही. जे जुनं हरवलं होतं ते परत आलं आहे. डेव्हिड लीनचा हा सिनेमा, म्हणजे पहिल्या महायुद्धात तुर्कांविरुद्धच्या अरब उठावात उतरलेल्या लॉरेन्स या इंग्रज अधिकाऱ्याची गोष्ट, १० डिसेंबर १९६२ रोजी लंडनमध्ये पहिल्यांदा दाखवला गेला. त्या रात्री प्रेक्षकांनी जे पाहिलं त्यातलं बरंच महिनाभरात कापलं गेलं, आणि पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं जगाने तोकडा सिनेमाच पाहिला. तुमच्या वडिलांनी तरुणपणी एखाद्या टॉकीजमध्ये पाहिला असेल, तर तोही बहुधा तोकडाच. १९८९ मध्ये रॉबर्ट हॅरिस आणि जिम पेंटन यांनी खुद्द लीनला सोबत घेऊन गेलेले तुकडे शोधले आणि जागच्या जागी बसवले. २०१२ मध्ये, सिनेमाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, त्या जुळवणीचीच डिजिटल साफसफाई झाली. आम्ही दाखवतो ती ही प्रत.

२. ‘रिस्टोअर्ड’, ‘एक्सटेंडेड’, ‘डायरेक्टर्स कट’ हे सगळं एकच ना?

एकच नाही. पाहुणे वाढले की वरणात पाणी घालतात, तसे हल्ली बरेच सिनेमे ‘एक्सटेंडेड’ म्हणून पुन्हा विकायला येतात. टाकून दिलेले सीन परत भरायचे आणि नवीन डबी करायची. तसला प्रकार इथे नाही.

रिस्टोअर करणं म्हणजे झिजलेली, फाटलेली, हरवलेली मूळ वस्तू शक्य तेवढी पूर्ववत करणं. डायरेक्टर्स कट म्हणजे काय ठेवायचं आणि काय नाही, याचा शेवटचा निर्णय दिग्दर्शकाचा. ही प्रत दोन्ही आहे. लांबलेली ती फक्त मधल्या काळातल्या कापलेल्या प्रतींच्या तुलनेत. पहिल्या रात्रीच्या सिनेमापेक्षा ती उलट थोडी आखूडच आहे, ते प्रश्न ७ मध्ये.

३. कुठे १८७ मिनिटं लिहिलंय, कुठे २१६, कुठे २२७. खरा आकडा कोणता?

सगळे खरे आहेत, फक्त वेगवेगळ्या प्रतींचे.

पहिल्या खेळाची प्रत २२२ मिनिटांची होती. प्रीमियरनंतर तीन दिवसांनी फिल्मची लांबी मोजून टिपून ठेवली गेली: ३५ मिमीच्या हिशोबाने १९,९९० फूट. ही फिल्म प्रोजेक्टरमधून मिनिटाला ९० फूट जाते. भागाकार करून बघा, २२२ च येतात. जानेवारी १९६३ मध्ये त्यातली वीस मिनिटं गेली आणि २०२ उरली. सत्तरच्या दशकाच्या तोंडावर सिनेमा पुन्हा प्रदर्शित करताना आणखी पंधरा गेली, उरली १८७. १९८९ ची जुळवलेली प्रत २१६ मिनिटांची. तिला सुरुवातीचं, मध्यंतराचं आणि शेवटचं संगीत जोडलं की होतात २२७.

म्हणजे २२७ हा २२२ पेक्षा मोठा सिनेमा नव्हे. एका आकड्यात वाजंत्री धरली आहे, दुसऱ्यात नाही. तुमच्या घरच्या डीव्हीडीवर यातला एकही आकडा नसेल तर प्रश्न ११ वाचा.

४. किती वाजता सुरू, किती वाजता संपणार, आणि मधात खायला सुट्टी आहे का?

साडेपाचला सुरू होतो. मधात वीस मिनिटांची सुट्टी, पावणेदहाच्या आत तुम्ही बाहेर. डबा आणला तरी चालतो, फक्त हॉलच्या आत तर्री-पोहे नको. मागच्या खेपेला तिसऱ्या रांगेतल्या खुर्चीवर तर्री सांडली. तो डाग अजून आहे आणि हॉलवाले तो आम्हाला दर वेळी दाखवतात.

पाणी मात्र जवळ ठेवा. पहिला भाग जवळजवळ अख्खा वाळवंटात आहे. मध्यंतरात वीस लिटरचा कॅन दहा मिनिटांत रिकामा झालेला आम्ही पाहिला आहे, तोही जानेवारीत.

५. कापलं कोणी आणि काहून? नेमके कोणते सीन गेले होते?

कारण साधं होतं: पावणेचार तासांच्या सिनेमाचे दिवसाला खेळ कमी होतात, आणि खेळ कमी म्हणजे गल्ला कमी. निर्माता सॅम स्पीगेलला आणि थिएटरवाल्यांना तो आटोपशीर हवा होता. पहिली कात्री लीन आणि संकलक ॲन कोट्स यांच्याच हातून चालली, पण राजीखुशीने नव्हे. गंमत अशी की याच सिनेमाला सात ऑस्कर मिळाले आणि त्यातलं एक संकलनाचं होतं.

कात्री लागली ती मुख्यतः बोलण्याला. इंग्रज सेनापती जनरल ॲलन्बी आणि त्याच्या हाताखालचे अधिकारी यांच्यातल्या चर्चा गेल्या. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला अमेरिकी पत्रकार बेंटली अरब राजपुत्र फैसलची मुलाखत घेतो, त्याचे फक्त तुकडे उरले. जेरुसलेममध्ये लॉरेन्स ‘मला मोकळं करा’ म्हणतो आणि ॲलन्बी त्याला गोडीगुलाबीने परत कामाला जुंपतो, त्या प्रसंगाचीही तीच गत झाली. तफास गावातल्या कत्तलीत प्रेतांवरून सावकाश सरकणारा कॅमेरा आणि शरण आलेल्या तुर्की सैनिकाला लॉरेन्स गोळी घालतो तो क्षण, हेही गेले.

याने कथेचं काय झालं ते बघा. ॲलन्बीचं बोलणं गेलं की इंग्रजांचं राजकारण गेलं. तफासमधली गोळी गेली की लॉरेन्सच्या हाताला लागलेलं रक्त गेलं. उरला गोरापान, निळ्या डोळ्यांचा, उंटावरचा शूर साहेब. कापलेली प्रत वीरकथा वाटायची आणि पूर्ण प्रत माणसाच्या मोडण्याची गोष्ट वाटते. माझ्या मते एवढ्यासाठीच पावणेचार तास बसावं.

६. हरवलेल्या तुकड्यांचा आवाज कुठून आणला म्हणे?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि मला सगळ्यांत आवडणारा.

तुकडे सापडले तेव्हा त्यातल्या बऱ्याच फिल्मवर चित्र होतं पण आवाज नव्हता. पात्रांचे ओठ हलतात, ऐकू काही येत नाही. आता १९६१-६२ मध्ये बोललेली वाक्यं १९८८ मध्ये आणायची कुठून? मग नटांनाच परत बोलावलं. लॉरेन्स झालेला पीटर ओ’टूल, ॲलेक गिनेस, अँथनी क्वेल, अँथनी क्विन, आर्थर केनेडी, सगळे आले आणि स्वतःच्याच तरुण चेहऱ्यासमोर उभे राहून तीच वाक्यं पुन्हा बोलले. ओ’टूल शूटिंगच्या वेळी तिशीच्या आत-बाहेर होता आणि आता छप्पन्न वर्षांचा. आवाज जाड झालेला, त्यामुळे यंत्रावर स्वर थोडा चढवून तो तरुण करावा लागला.

आपल्याकडे लग्नाच्या जुन्या व्हिडिओत आजोबांचा आवाज ऐकून घर गप्प होतं ना, त्याच्या उलट प्रकार हा. चेहरा जुना आणि आवाज आजचा.

खरी पंचाईत ॲलन्बीची. ती भूमिका करणारा जॅक हॉकिन्स १९७३ मध्येच गेला होता. त्याचा आवाज त्याआधीच गेला होता. घशाच्या कर्करोगामुळे १९६६ मध्ये त्याचं स्वरयंत्र काढावं लागलं. त्यानंतरही तो सिनेमात कामं करायचा, ओठ हलवायचा, आणि त्याच्या जागी बोलायचा चार्ल्स ग्रे नावाचा नट. म्हणून १९८८ मध्ये ॲलन्बीची वाक्यं बोलायला ग्रेलाच बोलावलं. हॉकिन्सचा आवाज व्हायची त्याला वर्षानुवर्षांची सवय होती.

जोड कळते का? कान देऊन ऐकलं तर ॲलन्बीच्या एखाद्या वाक्यात कळते. पण ते शोधत बसलात तर सिनेमा सुटेल. आधी एकदा नुसता बघा.

७. मग त्या पहिल्या रात्रीची २२२ मिनिटांची प्रत कुठे मिळेल?

मिळणार नाही. १९८८ मध्ये लीन ऐंशी वर्षांचा होता. सगळे तुकडे समोर आल्यावर त्याने ते डोळे झाकून परत घातले नाहीत. १९६२ मध्ये घाईघाईत सोडलेल्या काही जागा त्याने या वेळी स्वतःच्या मर्जीने आवळल्या. म्हणून २१६. जेरुसलेमच्या प्रसंगातला बाल्कनीतला भाग आवाजाच्या अडचणीमुळे मूळ सिनेमात बसलाच नाही. तो पुढे २०१२ च्या ब्ल्यू-रेवर ॲन कोट्स यांच्या प्रस्तावनेसह वेगळा दिला आहे.

काही हौशी लोकांना हे पटत नाही. त्यांना फूट न् फूट हवा असतो. मला पटतं. ज्याचं घर त्याने स्वतः डागडुजी करताना एखादी भिंत पाडली, तर भाडेकरूने भांडू नये.

८. डिजिटल साफसफाई म्हणजे काय केलं? जुन्या सिनेमाला नवा रंग फासला का?

नाही. मूळ निगेटिव्हची एकेक चौकट ८के क्षमतेने स्कॅन केली, मग ४के मध्ये तिच्यावरचे ओरखडे, धूळ, फिक्या पडलेल्या रंगांचे पट्टे दुरुस्त केले. २०१२ मध्ये ही प्रत कान महोत्सवात दाखवली गेली.

या कामात जी अडचण आली ती नागपूरकरांना लगेच समजेल. जॉर्डनच्या वाळवंटात १९६१ च्या मे महिन्यात शूटिंग सुरू झालं. त्या उष्णतेने काही ठिकाणी निगेटिव्हच्या थराला बारीक भेगा पडल्या होत्या, आटलेल्या तलावाच्या मातीला पडतात तशा. हे काही वापरून पडलेले चरे नव्हेत, फिल्म कॅमेऱ्यात असतानाच झालेली इजा. १९८९ मध्ये रसायनांनी आणि हाताने काम चालायचं, तेव्हा यावर इलाज नव्हता. संगणक आल्यावर झाला.

फिल्मला उष्णता कशी बाधते ते मी घरीच पाहिलं आहे. माळ्यावर पत्र्याच्या डब्यात मामाने काढलेली ८ मिमीची रिळं होती. वीसेक उन्हाळे त्यांनी तिथेच काढले, वर टिनाचं छप्पर. डबा उघडला तर व्हिनेगरचा असा भपकारा आला की आईला वाटलं लोणचं नासलं. ॲसिटेटची फिल्म गरमीत आणि दमटपणात कुजते तेव्हा तिच्यातून हेच आम्ल सुटतं. रीळ आकसून पापडासारखं वेडंवाकडं झालं होतं, प्रोजेक्टरच्या दात्यांत बसेना. तुमच्याकडे अशी रिळं असतील तर माळ्यावरून आजच खाली आणा, कोरड्या थंड कपाटात ठेवा, आणि वास येत असेल तर बाकीच्यांपासून वेगळी ठेवा, कारण एकाची कीड दुसऱ्याला लागते.

९. तुम्ही ७० एमएममध्ये दाखवणार का?

नाही, आमचा प्रोजेक्टर डिजिटल आहे. ७० मिमीचं वेड समजण्यासारखं आहे, म्हणून थोडं सांगतो. सिनेमा ६५ मिमी रुंद निगेटिव्हवर काढला होता. प्रिंट ७० मिमीची, कारण वरचे पाच मिलिमीटर आवाजाच्या चुंबकीय पट्ट्यांसाठी. नेहमीच्या ३५ मिमीपेक्षा चौकट कितीतरी मोठी, म्हणून दूरवरचा उंटही ठिपका न राहता उंट दिसतो. अशी फिल्म मिनिटाला ११२.५ फूट जाते. पूर्ण सिनेमाची प्रिंट सात किलोमीटरच्या वर भरते. झिरो माईलपासून विमानतळाच्या रस्त्याला उलगडत गेलात तर विमानतळ जवळ येईपर्यंत पुरेल.

ओमर शरीफ पहिल्यांदा दिसतो तो प्रसंग बघताना पुढे बसा. विहिरीपाशी दोघं उभे, क्षितिजावर मृगजळ, आणि त्यात काहीतरी काळं थरथरतं. ते जवळ येता येता उंटस्वार होतं. छायालेखक फ्रेडी यंगने यासाठी ४८२ मिमीची खास लेन्स वापरली. मोबाइलवर हा सीन पाहिला तर सुरुवातीची काही सेकंदं रिकामा पडदाच दिसतो. खोटं वाटत असेल तर करून बघा.

१०. घरच्या टीव्हीवर वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. झूम करू का?

करू नका. चित्राची रुंदी उंचीच्या २.२० पट आहे आणि टीव्हीची साधारण १.७८ पट. झूम केलंत की दोन्ही बाजूंची माणसं कापली जातील, आणि लीन माणसांना मुद्दाम अगदी कडेला उभं करतो.

११. माझ्याकडे एक डीव्हीडी आहे, तिच्यावर २१८ मिनिटं लिहिलंय. ही कोणती प्रत?

हीच प्रत, फक्त वेगाने पळणारी. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. आपल्याकडची जुनी पाल टीव्ही पद्धत २५ चौकटींची. पाल डीव्हीडी बनवताना सिनेमा सरळ २५ च्या वेगाने पळवायचे, त्यामुळे तो चार टक्के लवकर संपतो. २२७ चे २१८ होतात, २१६ चे २०७, आणि १८७ चे जेमतेम १८०. काही कापलेलं नसतं. संगीत मात्र किंचित चढ्या पट्टीत ऐकू येतं, जाणकार कानाला ते खटकतं.

म्हणून डबीवरच्या आकड्यावर विसंबू नका. प्रश्न ५ मधल्या दोन खुणा तपासा: दुसऱ्या भागाच्या सुरुवातीची फैसल-बेंटली भेट सलग आहे का, आणि तफासमध्ये शरण आलेल्याला लॉरेन्स गोळी घालतो का. दोन्ही असतील तर प्रत पूर्ण आहे. टीव्हीवरून उतरवलेली जुनी व्हिडिओ कॅसेट असेल तर आठवण म्हणून ठेवा, बघू नका.

१२. सुरू झाल्यावर पडदा काळाच होता, नुसतं संगीत. लाईट गेली होती का?

गेली नव्हती. सुरुवातीला चार मिनिटांच्या वर मोरिस जारचं संगीत वाजतं आणि पडद्यावर काही नसतं. त्या काळच्या मोठ्या सिनेमांची ही रीत होती. लोक आत येतात, खुर्च्या शोधतात, गप्पा संपवतात.

आम्ही पहिल्यांदा दाखवला तेव्हा दुसऱ्याच मिनिटाला मागून आवाज आला, “अरे, चित्र येऊन नाही राहिलं!” आमचा ऑपरेटर घाबरला आणि त्याने प्रोजेक्टर बंद करून पुन्हा लावला. संगीत परत पहिल्यापासून. आता आम्ही आधी माईकवरून सांगतो, तरी एखादा ओरडतोच.

१३. युद्धपट म्हणता, पण लढाई किती वेळ आहे?

कमी. आगगाडी उडवण्याचा एक प्रसंग, अकाबा बंदरावरचा हल्ला, तफास, आणि थोड्या चकमकी. बाकी वेळ युद्ध कोण कोणासाठी लढतंय आणि फायदा कोणाचा, याची गोष्ट चालते. बंदुकांचा नुसता धडाका हवा असेल तर निराश व्हाल. गोळीबाराआधीची आणि नंतरची माणसं बघायची असतील तर यासारखा सिनेमा नाही.

१४. अकाबा खरंच तसं जिंकलं होतं का?

थोडंसं तसं. अरबांची तुकडी वाळवंटातून फेरा घालून जमिनीच्या बाजूने आली, हे खरं. ६ जुलै १९१७ रोजी अकाबा पडलं, हेही खरं. पण मोठी लढाई शहरात झालीच नाही. ती चार दिवस आधी, २ जुलैला, अबा अल-लिसान इथे झाली आणि त्यानंतर अकाबा जवळजवळ न लढताच हाती आलं. अबा अल-लिसानच्या धावपळीत लॉरेन्सने स्वतःच्याच उंटाच्या डोक्यात चुकून गोळी घातली आणि तो तोंडावर आपटला. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. सिनेमाने ते गाळलं, आणि गाळणारच.

पडद्यावरचं अकाबा तर जॉर्डनमध्येही नाही. ते स्पेनच्या अल्मेरियाजवळ समुद्रकिनारी उभारलेलं खोटं शहर आहे.

याच धर्तीचे बाकीचे प्रश्न इथेच उरकतो. शेरीफ अली हे पात्र बऱ्याच जणांचं मिळून रचलेलं आहे. कर्नल ब्रायटन काल्पनिक आहे. बेंटलीच्या मागे लोवेल थॉमस हा खरा पत्रकार आहे. आणि खरा लॉरेन्स साडेपाच फुटांच्याही आत होता. ओ’टूल सहा फूट दोन इंच.

१५. आपला आय. एस. जोहर खरंच यात आहे का?

आहे. गासिमच्या भूमिकेत. नेफूदचं वाळवंट ओलांडताना उंटावरून मागे पडतो आणि ज्याला आणायला लॉरेन्स एकटा परत जातो, तो गासिम. पुढे त्याचं काय होतं ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगत नाही. पाहिलं असेल तर पुढचा परिच्छेद वाचा.

सिनेमात त्याच वाचवलेल्या गासिमला, टोळ्यांचं भांडण मिटवण्यासाठी, लॉरेन्सला स्वतःच्या हाताने मारावं लागतं. खरी हकीकत वेगळी आहे. गासिमला वाचवलं हे खरं, पण लॉरेन्सने ज्याला गोळी घातली तो हामेद नावाचा दुसराच माणूस, आणि ती घटना आधीची, मार्च १९१७ ची. पटकथेने दोन माणसं एक केली. इतिहासाशी ही बेइमानी झाली, पण जोहरचा चेहरा डोळ्यांसमोर असल्यामुळे तो घाव जो बसतो तो बसतोच. हिंदी सिनेमात आपण त्याला हसवताना पाहिलेलं असतं.

१६. त्या लढाईत आपले लोकंही होते ना? सिनेमात एकही शिपाई दिसत नाही. (कामठीहून, निवृत्त सुभेदारसाहेब)

होते, सुभेदारसाहेब, आणि बरेच होते. हा सिनेमा अरबांच्या उठावापुरता आहे आणि त्यातही लॉरेन्सच्या आसपासचा. पॅलेस्टाइनच्या आघाडीवर भारतीय घोडदळ आणि पायदळ मोठ्या संख्येने लढलं. २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर आणि म्हैसूर लान्सर्सनी हैफा घेतलं, मशीनगनसमोर भाले आणि तलवारी घेऊन. दिल्लीचं तीन मूर्ती स्मारक त्या घोडदळाचं आहे. त्यानंतर आठच दिवसांनी, १ ऑक्टोबरला, दमास्कस पडलं. ते सिनेमात आहे. हैफा नाही.

मराठी माणसाला अधिक लागेल असा धागा याहून जुना आहे आणि सिनेमा सुरू होण्याआधीच संपतो. मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये, कूत इथे सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात अडकली. त्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या: १०३, ११० आणि ११७. ७ डिसेंबर १९१५ पासून जवळजवळ पाच महिने वेढा चालला. शेवटी घोडे कापून खायची वेळ आली. पुष्कळ भारतीय शिपायांनी धर्मापायी ते मांस नाकारलं आणि अंगातली ताकद घालवली. एप्रिल १९१६ मध्ये तुर्की सेनापती खलील पाशाला पैसे देऊन ही फौज सोडवता येते का, हे पाहायला इंग्रजांनी जे अधिकारी पाठवले त्यांत एक कॅप्टन लॉरेन्स होता. हाच. रक्कम वीस लाख पौंडांपर्यंत नेली. पाशाने नाही म्हटलं. २९ एप्रिलला कूत शरण गेलं आणि हजारो शिपाई कैदेत पायी हाकले गेले. कित्येक वाटेतच पडले.

म्हणजे अकाबाच्या सव्वा वर्ष आधी हा माणूस कोकणातल्या आणि देशावरच्या पोरांची सुटका करायला गेला होता आणि हात हलवत परतला होता. त्यावर कोणी सिनेमा काढलेला नाही.

१७. एवढ्या मोठ्या सिनेमात एकही बाई बोलत नाही, हे खरं का?

खरं आहे. बुरख्यातल्या बायका टेकडीवरून टोळीला निरोप देतात, त्यांचा हुंकार ऐकू येतो, पण संवाद एकही नाही. पडद्यामागे मात्र ॲन कोट्स होत्या. लॉरेन्स काडी फुंकतो आणि पुढच्या क्षणाला वाळवंटात सूर्य उगवतो, तो प्रसिद्ध जोड त्यांच्या टेबलावरचा.

१८. मुलांना आणू का?

बारा-तेरा वर्षांच्या आतल्यांना नको. देरा इथला छळाचा प्रसंग आणि तफास दोन्ही अंगावर येतात, आणि पूर्ण प्रतीत तफास अधिक भीषण आहे. त्यावरच्यांना जरूर आणा, पण पहिल्या तासाभरात कंटाळले तर रागावू नका.

१९. माझ्या जुन्या प्रतीत पटकथा फक्त रॉबर्ट बोल्टची आहे, तुमच्या पत्रकावर दोन नावं. चूक कोणाची?

पत्रक बरोबर आहे. पहिला मसुदा मायकल विल्सनचा. तो कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून हॉलिवूडच्या काळ्या यादीत होता, म्हणून नाव आलं नाही. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या लेखक संघटनेने त्याला श्रेय परत दिलं. तेव्हा त्याला जाऊन सतरा वर्षं झाली होती. म्हणून १९८९ ची प्रत चित्राने आणि आवाजाने पूर्ण असली तरी श्रेयनामावलीत अर्धीच होती.

२०. मे महिन्यात काहून नाही दाखवत? सुट्ट्या असतात.

दाखवला होता एकदा. हॉलमध्ये चार मोठे कूलर. नेफूदच्या वाळवंटात लीनने जी शांतता ठेवली आहे तिच्यात चारही कूलर घरघरत होते. बंद केले तर लोकं उठायला लागली. तेव्हापासून डिसेंबर-जानेवारीतच.

२१. संपल्यावर पुन्हा पडदा काळा आणि संगीत. तेव्हा उठायचं की बसायचं?

तुमची मर्जी. ते निरोपाचं संगीत आहे, सिनेमा त्याआधीच संपलेला असतो. बहुतेक जण चपला शोधत असतात. मागच्या वेळी सुभेदारसाहेब एकटेच शेवटपर्यंत बसून होते, आणि वॉचमन दाराशी किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभा होता. त्याने तो वाजवला नाही.